लॉयकरबाड की बाड गास्टाइन?

आल्प्समधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी दोन दिवस काढायचे असतील तर ही दोन नावं हमखास समोर येतात. पहिलं स्वित्झर्लंडमधलं, दुसरं ऑस्ट्रियातलं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. निवड करावी ती पाणी आणि पायऱ्या बघून.

बाड गास्टाइन दिसायला विलक्षण आहे. भर गावातून 341 मीटरचा धबधबा टप्प्याटप्प्याने कोसळतो आणि दोन्ही अंगांना जुनी उंच हॉटेलं दरीला चिकटून उभी आहेत. जर्मन सम्राट विल्हेल्म पहिला आणि त्याचा चॅन्सेलर बिस्मार्क इथे येत असत. प्रशिया आणि ऑस्ट्रियाचा 1865चा करारही इथलाच. साल्झबुर्गहून थेट रेल्वे आहे. पण गाव उभ्या चढावर आहे. गुडघे दुखणाऱ्या आईला रोज तिथे चढ-उतार करायला लावणं मला पटत नाही.

दुसरा मुद्दा रेडॉनचा. इथल्या पाण्यात हा किरणोत्सारी वायू नैसर्गिकरीत्या असतो. सोन्याच्या शोधात खणलेल्या जवळच्या बोगद्यात सांधेदुखीचे रुग्ण छोट्या गाडीने आत जाऊन उपचार घेतात, तेही डॉक्टरांच्या तपासणीनंतरच. गरोदर बाईने तिकडे जाऊ नये. रेडॉनचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे, म्हणून निव्वळ हौसेखातर त्या बोगद्यात कुणीच जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लॉयकरबाड 1,411 मीटरवर, कड्यांच्या कुशीत. झऱ्याचं पाणी सुमारे 51 अंशांचं, त्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर. अंघोळीसाठी ते निववून घेतात. उघड्यावरच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि समोरचे उभे कडे बघत राहायचं. हिवाळ्यात काठावर बर्फ असताना तर हे सुख काही औरच! केबल कारने गेम्मी खिंडीवर गेलात की पलीकडे डाउबेनझे तलाव आहे. गावात राजवाडी दिमाख नाही, पण आई-वडील बरोबर असतील तर मी हेच गाव निवडेन.

एक मात्र आधी सांगून ठेवा: वज्रेश्वरीसारखं साडी किंवा पंचा नेसून कुंडात उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखच लागतो. सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, तर बहुधा विवस्त्र बसायची रीत असते, तेव्हा संकोच वाटत असेल तर फक्त कुंडाचं तिकीट घ्या.

त्सेरमाटला जाणार असाल तर लॉयकरबाड वाटेत जोडता येतं: त्सेरमाटच्या गाडीच्या मार्गावरच्या फिस्प स्थानकाहून रेल्वेने लॉयक, तिथून बसने अर्धा तास.