चौदा टेबलं आणि पोस्टग्रेसचा आठचा आकडा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब आणि कॉम्प्युटर, दोन्ही माझ्याच गळ्यात. सगळा डेटा ठेवायला पोस्टग्रेस हा डेटाबेस चार वर्षं वापरतोय. लायसन्सला रुपया दिलेला नाही, त्यामुळं तक्रार करताना जीभ जरा अडखळते. तरी करतो.

आमचा 'पार्टीवार माल' रिपोर्ट म्हणजे सूत, बीम, माग, पाळी, डाईंग, पॅकिंग, चलन... व्ह्यूवर व्ह्यू (म्हणजे साठवून ठेवलेल्या क्वेरी) चढवत जोडलेली १४ टेबलं. एका पार्टीचा रिपोर्ट उघडायला पावणेचार मिनिटं. शेठ म्हणायचे, "तुमचं होईस्तोवर सात रस्त्याला चहा पिऊन येतो मी."

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत माग बंद होते, तेव्हा एक्सप्लेन ॲनालाइझ, म्हणजे क्वेरी कुठल्या पायऱ्यांनी चालली हे दाखवणारी कमांड, काढून बसलो. आधी बीम आणि पाळीच्या लाखो ओळी जुळत होत्या, पार्टी सगळ्यात शेवटी. का, तर लिहिताना मीच ती शेवटी जोडलेली! जॉइन कोलॅप्स लिमिट आणि फ्रॉम कोलॅप्स लिमिट अशा दोन सेटिंग, दोन्ही मुळात ८. टेबलं त्यापुढं गेली की प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) जोडण्याचा सगळा क्रम नव्याने लावत बसत नाही, बरंचसं आपण लिहिलेलंच धरून चालतो. आणि हे एक्सप्लेनमध्ये कुठं लिहून येत नाही. पाच ताऱ्यांतला अर्धा इथंच कापला.

दोन्ही १६ केले. पण १२ टेबलांपासून जेको (GEQO) हा दुसरा, झटपट अंदाज घेणारा प्लॅनर सुरू होतो. तो सगळ्या जोड्या न तपासता नमुन्यादाखल काही प्लॅन बघतो. म्हणून त्याची मर्यादाही १६ वर नेली. रिपोर्ट चार सेकंदांत! नुसता प्लॅन ठरवायलाच आता जवळपास अर्धा सेकंद जातो, म्हणून ऑल्टर रोल वापरून हे फक्त रिपोर्टच्या लॉगिनला लावलंय. बिलिंगच्या बारक्या क्वेरींना हा खटाटोप कशाला? एसएसडी आहे, तेव्हा रँडम पेज कॉस्टही, म्हणजे डिस्कवर इकडंतिकडं वाचण्याचा प्लॅनरनं धरलेला खर्च, ४ वरून १.१ वर आणली. त्यानं फरक पडला, पण थोडाच.

वर्क मेममध्ये, म्हणजे क्वेरीच्या कामाला मिळणाऱ्या मेमरीच्या सेटिंगमध्ये, मात्र मी आपटलो. ४ एमबी बघून हसू आलं, अख्ख्या सर्व्हरला २५६ करून टाकले. ही मेमरी क्वेरीमागे एकदा नाही, प्रत्येक सॉर्टला (क्रम लावायला), प्रत्येक हॅशला (ओळी जुळवायला) वेगळी लागते, हे सोमवारी कळलं, मेमरी संपून पॅकिंगवाल्यांची बिलं अडकली आणि गेटवर दोन ट्रक उभे राहिले तेव्हा. आता रिपोर्टला ६४, बाकी सगळ्यांना जुनेच ४.

साडेचार तारे. शेठ चहा आता ऑफिसातच मागवतात.