न्यायालयासाठी व्हॉट्सॲप चॅटची छपाई : कागद उत्तम, सर्टिफिकेट निरुपयोगी

तहसील कार्यालयासमोरच्या ज्या दुकानात आम्ही सातबारा आणि पीक विम्याचे अर्ज काढतो, त्याच्या काचेवर 'कोर्टासाठी व्हॉट्सॲप चॅट प्रिंट व सर्टिफिकेट' असा कागद चिकटवलेला आहे. माझी धाकटी बहीण अकोल्यास नांदत होती. आता ती बुलढाणा जिल्ह्यात आमच्याकडे, माहेरी आहे आणि तिचा पोटगीचा अर्ज अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. जावयांनी पाठवलेले संदेश वकीलसाहेबांनी मागितले, म्हणून आम्ही या दुकानात गेलो.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. काउंटरवरच्या मुलाने प्रत्येक स्क्रीनशॉट असा घेतला की मागच्या पानावरचा शेवटचा संदेश पुढच्या पानावर पहिला यावा. मधले काही गाळल्याचा आक्षेप त्यामुळे घेता येत नाही. बहिणीने नवऱ्याचा नंबर 'अहो' या नावाने सेव्ह केला होता. 'अहो' म्हणजे कोण हे न्यायालयाला कसे कळणार, म्हणून त्याने नंबर दिसणारे पान वेगळे काढले. ताज्या संदेशांवर तारखेऐवजी 'काल', 'सोमवार' एवढेच दिसत होते. ती पाने त्याने दहा दिवसांनी बोलावून पुन्हा काढून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. रंगीत पानाला १० रुपये, ६४ पानांचे ६४० झाले.

आडोसा मात्र अजिबात नाही. विम्याच्या अर्जासाठी सात-आठ माणसे उभी असताना 'पैसे पाहिजेत तर बापाले माग' हे पान प्रिंटरमधून उताणे बाहेर आले. बहिणीने ते तळहाताने पालथे केले आणि उरलेली पाने संपेपर्यंत हात तिथेच ठेवला.

खरी तक्रार ५०० रुपयांच्या सर्टिफिकेटची, म्हणजे छापलेली पाने फोनमधल्या संदेशांचीच प्रत आहेत असे सांगणाऱ्या प्रमाणपत्राची, आहे. वकीलसाहेबांनी ते पाहताच बाजूला ठेवले, कारण त्यावर १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ६५ब छापलेले होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला असून त्याचे कलम ६३ लागू आहे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत : पहिला पुरावा सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, शिवाय फाईलचा हॅश, म्हणजे एक स्वल्पविराम बदलला तरी बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, त्यात लिहायचा. दुकानदाराने नुसता आपला शिक्का मारला होता. फोन त्याचा नाही आणि तो तज्ज्ञही नाही.

दुकानदाराचे म्हणणे असे की कौटुंबिक न्यायालयात एवढे काटेकोर कोणी पाहत नाही. ते अर्धे खरे आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ प्रमाणे वाद निकाली काढण्यास उपयोगी वाटेल तो दस्तऐवज, एरवी पुराव्यात बसो वा न बसो, न्यायालय पाहू शकते; आणि पती-पत्नीतले संभाषण खासगी असले तरी त्यांच्या आपसातल्या दाव्यात ते पुरावा म्हणून येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या फोन-संभाषणांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण संदेश माझे नाहीतच, असे गैरअर्जदाराने म्हटले तर नुसत्या कागदाचा टिकाव लागणे कठीण. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दिली तर प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीत हजर केले तर लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली आमच्या शेजारच्या जालन्यातील निवडणूक वादात म्हटले होते. एवढे वकीलसाहेबांकडून ऐकल्यावर बहिणीचा फोन आम्ही जसाच्या तसा कपाटात ठेवला. पहिला भाग तिने स्वतः भरला, दुसऱ्यासाठी वकीलसाहेबांनी अकोल्यातच तज्ज्ञ पाहिला.

छपाईसाठी मी पुन्हा याच दुकानात जाईन, पण दुपारी दोननंतर, गर्दी नसताना. सर्टिफिकेटचे ५०० रुपये परत मागितले आहेत. 'मालक आले की पाहू' हे उत्तर मला आतापर्यंत तीनदा मिळाले आहे.