नो मॅन्स स्काय : जाहिरातीतला आकडा आणि हाती आलेला खेळ

‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळप्रवासाचा व्हिडिओ-खेळ मी गेल्या हिवाळ्यात सवलतीच्या दरात घेतला आणि बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, दर शनिवारी राहायला येणाऱ्या भाच्याला शेजारी बसवून, जवळजवळ साठ तास खेळलो. इतक्या उशिरा घेण्याला कारण होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याचे जेवढे कौतुक आधी झाले होते तेवढीच टीका पुढच्या काही दिवसांत झाली, आणि त्या गदारोळात मूळ खेळ कसा आहे याचा अंदाज येणेच कठीण होऊन बसले होते.

गिल्डफर्ड या इंग्लंडमधल्या गावातील हॅलो गेम्स या मूठभर माणसांच्या कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये त्याची पहिली झलक दाखवली. पुढे एक आकडा सर्वतोमुखी झाला : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह. हा दोनाचा चौसष्टावा घात आहे. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे ठेवत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या दाण्यांची बेरीज या आकड्यापेक्षा बरोबर एकाने कमी भरते. दर सेकंदाला एक ग्रह पाहायचा म्हटले तरी सुमारे ५८,५०० कोटी वर्षे लागतील.

आकडा खोटा नाही. हे ग्रह कुणी एकेक करून बनवलेले नाहीत आणि कुठे साठवलेलेही नाहीत. प्रत्येकाला एक क्रमांक आहे आणि आपण जवळ गेलो की त्या क्रमांकावरून सूत्रांच्या साहाय्याने डोंगर, हवामान, झाडे व प्राणी जागच्या जागी तयार होतात. क्रमांक तोच असेल तर ग्रहही तोच मिळतो. ही कारागिरी थक्क करणारी आहे, परंतु अपेक्षाभंगाचे मूळही तिच्यातच आहे, कारण क्रमांक कितीही असले तरी ज्या सुट्या भागांची जुळणी होते ते भाग मोजकेच असतात. तिसऱ्या शनिवारी आम्ही एका नव्या तारकामंडळात उतरलो, दार उघडले, आणि समोरची लालसर माती व छत्रीसारखी झाडे पाहून भाचा म्हणाला, “मामा, इथे आपण मागच्या वेळी येऊन गेलो ना?” आलो नव्हतो. त्याची चूक मात्र मला अगदी रास्त वाटली. लोकांनी आकडा ऐकला आणि मनात वैविध्य धरले. तो गैरसमज दूर करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची होती, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. या विश्वात दुसरा खेळाडू भेटू शकेल का, या प्रश्नाला कंपनीचे प्रमुख शॉन मरे यांनी मुलाखतींतून होकारार्थी उत्तरे दिली होती. प्रत्यक्षात प्रकाशनानंतर लगेचच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोहोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने त्याच वर्षी तक्रारींची चौकशी करून स्टीम या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावरील जाहिरात दिशाभूल करणारी नसल्याचा निर्वाळा दिला, हेही येथे नोंदवले पाहिजे. पण तो निर्वाळा विक्रीच्या पानापुरता होता.

पुढे कंपनीने बोलणे थांबवले आणि काम केले. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्वतःचे तळ बांधण्याची सोय आली, जुलै २०१८ मध्ये खेळाडूंना एकत्र खेळता येऊ लागले, आणि या साऱ्या भरीसाठी जुन्या ग्राहकांकडून वेगळे पैसे घेतले गेले नाहीत. त्यामुळे आज मिळतो तो खेळ पहिल्या दिवसाच्या खेळापेक्षा पुष्कळच भरलेला आहे.

त्यातले मला सर्वांत आवडलेले दोन क्षण सांगतो. सुरुवातीला आपण नादुरुस्त यानाशेजारी एका जीवघेण्या ग्रहावर असतो. पोशाखाचे संरक्षण झपाट्याने उतरत असते आणि ते पुन्हा भरून काढणारे सोडियम ज्यांतून मिळते ती पिवळी फुले शोधत पळावे लागते. यान दुरुस्त करून प्रथम वर झेपावतो तेव्हा जमीन, ढग आणि मग काळे आकाश हे सारे कोठेही पडदा न पडता, एकाच सलग उड्डाणात मागे पडते. सयाजीबागेतल्या तारांगणात लहानपणी जी ओढ लागली होती ती त्या क्षणी पुन्हा जागी झाली. दुसरा आनंद भाषेचा. परग्रहवासी बोलतात ते आधी काहीच कळत नाही. एकेक शब्द मिळवत गेलो की वाक्यात मध्येच एखादा शब्द उजळतो. घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती ऐकत वाढलेल्या बडोदेकराला हा अनुभव फार जवळचा वाटेल.

सामानाच्या मर्यादित कप्प्यांची सततची आवराआवर मात्र कंटाळवाणी आहे आणि कथानक पातळ आहे. ज्यांना ठरलेले ध्येय व चढता संघर्ष हवा असेल त्यांनी हा खेळ घेऊ नये. संथपणे भटकण्याची, बांधण्याची आवड असेल तर सवलतीच्या दरात जरूर घ्यावा. सापडलेल्या ग्रहांना नावे देता येतात. चहूकडे पाणीच पाणी असलेल्या एका ग्रहाचे नाव भाच्याने बडोद्यातल्या तलावावरून ‘सूरसागर’ ठेवले आहे आणि येत्या शनिवारी त्याच्या काठावर आम्हाला तळ बांधायचा आहे.