ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: पाव मैलाच्या आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय बदललं

ऑक्टोबर ते मे असा वापर, तो ड्रॅगसाठी, म्हणजे उभ्या गाडीनं सुटून सरळ पाव मैल धावायच्या शर्यतीसाठी. गाडी वीस वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर २० व्हॉल्व्ह टर्बो, पाच गिअर, ओढ पुढच्या चाकांना. मूळ ताकद १५० पीएस, टॉर्क २१० न्यूटन-मीटर. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवायला लागले. त्यामुळे संभाजीनगरात या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात, आणि वाळूज-चिकलठाण्याला लेथवाला आणि वेल्डर हाताशी आहेत. मराठवाड्यात ड्रॅगसाठी हीच गाडी का, याचं माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण हेच. स्पर्धेला लोणावळ्याजवळची आंबी व्हॅलीची धावपट्टी गाठायची म्हणजे एका बाजूला तीनशे किलोमीटरच्या वर, आणि जाणार-येणार त्याच गाडीनं. म्हणून जो बदल घरी परत येईपर्यंत टिकणार नाही, तो या गाडीवर केलाच नाही.

पहिल्या महिन्यात पाव मैलाला, म्हणजे ४०२ मीटरला, १६.२ सेकंद लागत होते. आता १५.० लागतात. या १.२ सेकंदांतला निम्म्याहून जास्त भाग रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅम बदलणं) सोडून इतर कामांतून आला. यातलं बरंचसं फुकट किंवा किरकोळ खर्चात झालं. रिमॅप शेवटी करायला हवा होता. आधी केला, ही चूक.

खरा खेळ पहिल्या साठ फुटांत आहे. तिथं दशांश सेकंद वाचला की शेवटच्या रेषेवर साधारण दीड दशांश वाचतो. पुढची चाकं ओढणारी गाडी सुटताना वजन मागं जातं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. त्यावर पहिला उपाय हवेचा. २०५/५५ आर १६ टायर, थंड असताना पुढं २४ पीएसआय, मागं ३८. पुढं २० च्या खाली गेलं की टायरची बाजू दुमडते, स्टिअरिंग डावी-उजवी ओढतं आणि वेळ उलट वाढते. परतीच्या प्रवासाआधी पुढं ३२ भरायला विसरायचं नाही. स्टेपनी, जॅक आणि मागच्या सीटची गादी काढली. टाकीत १२ लिटरच्या आसपासच पेट्रोल ठेवलं, कारण टाकीही मागच्याच बाजूला आहे.

दुसरा उपाय खालच्या फाउंडेशनचा. इंजिन आणि गिअरबॉक्सला खालून धरणारा छोटा हात असतो, त्याचं रबर वीस वर्षांत मऊ झालेलं असतं. क्लच सोडताच इंजिन मागं झोपतं, परत उसळतं, आणि चाकं धडधड उड्या मारतात. ही धडधड पकडीपेक्षा गिअरबॉक्सला जास्त महागात पडते. पॉलियुरेथेनचे बुश बसवले, अर्ध्या तासाचं काम. बदल्यात एसी चालू असताना आयडलवर डॅशबोर्ड थरथरतो. मला ते चालतं; रोज घरच्यांना घेऊन फिरणाऱ्याला चालेलच असं नाही.

सुटताना आरपीएम २८०० ते ३२००, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. क्लच अर्ध्यावर आणून क्षणभर घसरू द्यायचा आणि गाडी हलली की मगच पूर्ण सोडायचा. सुरुवातीच्या रेषेवरच्या दिव्यांच्या खांबाला झाड म्हणतात; त्यावरचा दुसरा पिवळा दिवा जेमतेम लागेल इतकंच पुढं सरकायचं. पुढचं चाक रेषेवरच्या प्रकाशाच्या बीममधून सुटेपर्यंत थोडी वाट मिळते, आणि घड्याळ तोवर सुरू होत नाही. प्रतिक्रियेचा वेळ धावेच्या वेळेत धरत नाहीत. समोरासमोरच्या फेरीत मात्र त्याच्यावरच हरतात. या सगळ्यातून साठ फूट २.५५ वरून २.२८ वर आलं.

आता गळती. रिमॅप करून पीएस म्हणावे तितके मिळेनात, म्हणून व्हीसीडीएस (लॅपटॉपवरून गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं सॉफ्टवेअर) लावून तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६५०० आरपीएम लॉग काढला. मेझरिंग ब्लॉक म्हणजे त्यातलं आकड्यांचं पान. ब्लॉक ११५ मध्ये मागितलेलं बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेलं बूस्ट शेजारी दिसतं. ४५०० च्या पुढं मिळालेला आकडा खाली घसरत होता. ब्लॉक ००३ मध्ये हवेचा प्रवाह ग्रॅम प्रति सेकंद दिसतो, त्याला ०.८ नं भागलं की ढोबळ बीएचपी निघते. ही दोन पानं बघितल्याशिवाय टर्बोला दोष देऊ नये.

शोध असा घ्यायचा. मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) काढून टर्बोकडं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला मापाची पीव्हीसी एंड कॅप बसवायची, कॅपला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावायचा. त्याच पाइपाला जोडलेला इंजिनाचा ब्रीदर होज आधी चिमट्यानं दाबून बंद करायचा, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील उडतं. मग पायपंपानं हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी. इथं दोन ठिकाणी बुडबुडे आले. एक डायव्हर्टर व्हॉल्व्हला, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर टर्बोचा दाब परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हला. त्यातला पडदा वयानं चिरला होता. ७१० एन मालिकेचा व्हॉल्व्ह टाकला. दुसरी गळती इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर, तीही बाजारातून नव्यानं घेतलेल्या सिलिकॉन होजवर. होज ठीक होता, सोबत आलेली जुबली क्लिप हलकी होती. पट्टीच्या खाचा गरम होऊन पसरतात आणि क्लिप एक दात सोडते. टी-बोल्ट क्लॅम्प लावले आणि प्रश्न मिटला. बूस्ट वाढवल्यावर प्लगचा गॅप ०.७ मिमी ठेवला. जास्त ठेवला की वरच्या आरपीएमला मिस मारते आणि कॉइलवर ताण येतो.

एप्रिल-मे हा वेगळाच अध्याय. २२ अंशांच्या हवेपेक्षा ४२ अंशांची हवा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते. म्हणजे काही न करताच तितकी ताकद गेली. त्यात या गाडीचा इंटरकूलर लहान, आणि पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या प्लॅस्टिक लायनरआड बसवलेला. लागोपाठ दोन धावा झाल्या की तो तापतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठोका (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटल्याचा नॉक) ओळखून इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, काही अंश मागं घेतो. ब्लॉक ०२० मध्ये चारही सिलिंडरचे अंश दिसतात. तीन अंशांपर्यंत चालतं, सहाच्या पुढं दिसलं की ती धाव सोडून द्यायची.

यावर सगळ्यात स्वस्त इलाज शेतातल्या दोन लिटरच्या फवारणीच्या हातपंपाचा. लायनर काढायचं, बॉनेट उघडं, पंखा चालू, आणि इंटरकूलरच्या जाळीवर बारीक धुकं मारायचं, धार नाही. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे कूलर जसा इथं काम करतो तसंच हे करतं. मुंबईच्या दमटात इतका फरक पडणार नाही. वीस मिनिटांत आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६२ वरून ४४ अंशांवर येतं. रांगेत लागायच्या दहा मिनिटं आधी फवारणी थांबवून खालचा बंपर आणि टायर कोरड्या कापडानं पुसायचे. सुरुवातीच्या रेषेवर पाणी ठिबकलं तर मागून येणाऱ्याची गाडी घसरेल. यात हयगय करायची नाही.

सगळ्यात मोठा खर्च गिअरबॉक्सचा. ०२जे गिअरबॉक्सच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन गिअर रिव्हेटनं बसवलेला असतो. रस्त्यासाठी ते पुरेसं आहे. वारंवार क्लच टाकून सुटणं आणि चाकांच्या उड्या यांनी रिव्हेट ढिले होतात, एखादं डोकं तुटलं तर केसिंगला आतून भोक पाडतं. तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकाला लोखंडी चुरा नेहमीपेक्षा जास्त चिकटलेला दिसला, तेवढ्यावरच गिअरबॉक्स उतरवला. दोन रिव्हेट हलत होते. लेथवर ड्रिल करून ते काढले आणि बोल्टचं किट घातलं. रिव्हेट छिन्नीनं तोडायचे नाहीत, कॅरिअरला तडा जातो. मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचाच असतो, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं क्रँक सील त्याच वेळी बदलून घ्यावं.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. एक्सपी१००, म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल, पुण्यात मिळतं, स्पर्धेच्या आधी तिथंच भरायचं, कारण रिमॅप त्याच्यावरच बसवलाय. एरवी इथलं इ-२०. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, ब्लॉक ०३२ मध्ये फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरनं इंधनात केलेली दुरुस्ती) अधिककडं सरकतो. त्यानं गाडी बिघडत नाही, पण जुने रबरी फ्युएल होज फुगतात. ते सगळे बदलले.

उरलंय ते लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकाच चाकाला सगळी ताकद वाहून जाऊ न देणारं. अजून सुटताना उजवं चाक एकटंच फिरतं आणि पट्टीवर एकच काळी रेघ उमटते. गिअरबॉक्स उघडा होता तेव्हाच ते घालायला हवं होतं. आता परत उतरवायचा म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा.