तळणीच्या तेलावर ट्रक: आडगावच्या ट्रक टर्मिनलवर माझी झालेली फसवणूक

माझी एकच आयशर आहे, जुन्या पंपाची. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. डिझेल नव्वदीच्या वर गेल्यापासून फेरीमागे काही उरेना. त्यात नाशिकजवळ आडगावच्या ट्रक टर्मिनलवर एक जण भेटला. म्हणाला, "शेठ, फरसाणवाल्याच्या टाकाऊ तेलावर गाडी चालवून देतो."

त्याने सांगितलेलं बरंचसं खरं होतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं. तळणीच्या तेलातले पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, हेही खरं. पोराने मोबाइलवर पाहिलं, सगळं जुळलं. त्यामुळे माझा विश्वास बसला.

दुसरी टाकी, तेल तापवायला तांब्याचा पाइप आणि डिझेलवरून तेलावर जायला एक कॉक बसवून त्याने ६२,००० रुपये घेतले. ४०,००० भलत्याच नावाच्या खात्यावर, बाकी रोख. पावती "उद्या देतो". आरटीओचा म्हणून शिक्क्याचा एक कागद दिला. स्वतःच्या कॅनमधलं तेल ओतून ओझरपर्यंत गाडी पळवून दाखवली. इंजिन आधीच गरम होतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

पंधरा दिवस धूर सोडत गाडी चालली. मग डिसेंबरातल्या एका रात्री घोटीला चहाला थांबलो, अर्धा तास गाडी बंद ठेवली. परत चालूच होईना. तिथल्या मिस्त्रीने फिल्टर उघडला तर आत डालड्यासारखा पांढरट गोळा. पामतेल थंडीत गोठलं होतं. मागे ३०० क्रेट टोमॅटो, तोही शेतकऱ्यांचा माल. वाशीला पोचेपर्यंत दुपार झाली, भाव गेला. त्या माणसांना तोंड दाखवताना जे वाटलं ते अजून जात नाही.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या मिस्त्रींनी तांब्याच्या पाइपावरची काळी टेप ब्लेडने कापली. पाइपाची दोन्ही टोकं पकडीने चेपून बंद केलेली. रेडिएटरचं गरम पाणी त्यातून कधी गेलंच नव्हतं. खाद्यतेल डिझेलपेक्षा दहापट तरी घट्ट असतं, निदान ७० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय ते नोझलमधून नीट फवारत नाही. चारही नोझल कार्बनने माखलेले. डिपस्टिकवरून इंजिन ऑइल काकवीसारखं ओघळत होतं. पंपाचं काम धरून आणखी ४८,००० गेले. त्या किटवाल्याचा तो कॅन केबिनमध्येच राहिला होता. मिस्त्रींनी नाकाला लावला: डिझेल, रंगापुरतं तेल.

कुणी असा किट घेणार असाल तर पैसे देण्याआधी सकाळी गार इंजिनवर, तुम्ही आणलेल्या तेलावर गाडी चालवायला सांगा. सुरुवात डिझेलवर, तेल तापल्यावर कॉक फिरवायचा, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन पंप धुऊन काढायचा, ही पद्धत त्याने मला सांगितलीच नव्हती. तेल तापल्याचं दाखवणारा काटा नसेल तर तिथूनच परत फिरा. तेलात पाणी आहे का ते कळायला चमचाभर तेल तापल्या तव्यावर टाका, तडतडलं तर पाणी आहे. कॉमन रेल इंजिनच्या (नव्या धाटणीच्या, कॉम्प्युटरवर इंधन सोडणाऱ्या) गाडीला तर हात लावू देऊ नका. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरीशिवाय चालत नाही. मला दिलेल्या कागदाची आरटीओत नोंदच नव्हती.

पोलिसांत तक्रार दिली आहे, त्या माणसाचा फोन बंद आहे. गेल्या आठवड्यात मालेगावकडच्या एका ड्रायव्हरच्या गाडीला तसाच काळी टेप गुंडाळलेला पाइप दिसला, म्हणून आज लिहायला बसलो. तुमच्या गाडीला तसला पाइप असेल तर पुढची खेप भरण्याआधी टेप कापून टोकं बघा.