हरण्याला घेऊन पुणे-सोलापूर: मोटरहोमचे नऊ महिने

मोटरहोम घेतली ती हरण्यासाठी. हरण्या म्हणजे आमचा कारवानी जातीचा कुत्रा. वय ११, पाय लांबलचक, अंगावर चरबी नावाला नाही. छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून २५० किलोमीटर बसायचं म्हणजे त्याचे हाल व्हायचे. गेल्या उन्हाळ्यात टेंभुर्णी येईपर्यंत तो तीनदा ओकला आणि सोलापुरात उतरवलं तेव्हा मागचे पाय टेकवेनात. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. हुतात्मा एक्सप्रेसला फर्स्ट एसीच नाही, आणि पेटीत त्याला कोंडायचं माझ्या मनाला पटेना. कुणाकडे ठेवला तर जेवण सोडतो. सणासुदीला सोलापुरातल्या आईला एकटं ठेवणं तर शक्यच नव्हतं.

मग सप्टेंबरात आतून घर केलेली जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली. घेण्याआधी आरसीवर मोटार कॅरॅव्हॅन अशी नोंद आहे का, ते नक्की बघा. प्रवासी गाडीत आपल्या मनाने पलंग-ओटा ठोकून चालत नाही, अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते. आजवर ११ खेपा झाल्या. डिझेल लिटरला साधारण १० किलोमीटर देते, म्हणजे एका बाजूला २५ लिटर. टॉयलेटची टाकी घरी पोचल्यावर संडासात रिकामी करायची, त्यात अवघड काही नाही.

प्रवासाचं म्हणाल तर फरक दिवसरात्रीचा आहे. पहाटे ४ ला हडपसर सोडतो आणि वेग ७० च्या वर नेत नाही. निघण्याआधी चार तास हरण्याला खायला देत नाही. त्याला छातीपट्टा घालतो आणि त्याचा आखूड बंद फरशीतल्या कडीला अडकवतो. गळ्यातल्या पट्ट्याला कधीच बांधू नका, करकचून ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो. उजाडता उजाडता भिगवण येतं. तिथे अर्धा तास फिरवतो. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरलेले असतात, तेव्हा हा कान टवकारून नुसता बघत उभा राहतो. ढाब्यांवरची कुत्री अंगावर येतात, म्हणून आम्ही ढाब्यावर थांबणं सोडलं. पाण्याकाठच्या गवतातून आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासायची, हे डिसेंबरात शिकलो. मोहोळ मागे पडलं की हा उठून बसतो, खिडकीच्या फटीला नाक लावतो आणि घर येईपर्यंत पुन्हा आडवा होत नाही.

गाडीतली व्हिनाइलची फरशी मात्र कुत्र्यासाठी वाईट. वळणावर पाय घसरायचे आणि कडक जमिनीवर झोपून कोपरांना घट्टे पडले होते. आता खाली रबरी मॅट, तिच्यावर जुनी गादी आणि वर आईच्या ट्रंकेतली सोलापुरी चादर. धुऊन धुऊन मऊ झालेली आहे, त्याची नखंही अडकत नाहीत. पायरी उंच पडते म्हणून प्लायवूडची घसरण केली आणि तिला काथ्या चिकटवला. दोन दिवसांत तो आपणहून चढायला लागला.

आता उन्हाचं सांगते. ही गाडी सोलापूरकडे नेणाऱ्याने हे वाचावंच. एप्रिलमध्ये दुपारी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. गल्ली उत्तर कसब्यातली, गाडी आत शिरतच नाही. बाहेर ४२ अंश. एसी लावून हरण्याला आत झोपवलं आणि आम्ही जेवायला बसलो. मुलगा पाण्याची बाटली आणायला गेला तो ओरडतच आला. एसी बंद पडला होता, आतला थर्मामीटर ४७ दाखवत होता. हरण्याची जीभ लोंबत होती, हिरड्या लालभडक. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. ४७ अंशांत त्या धापांनी काय होणार? त्याला उचलून घरात नेलं, पोट, बगला, पंजे साध्या पाण्याने भिजवले, वर पंखा लावला. आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन "बा रे राजा, बा" (ये रे राजा, ये) असं तिच्या कानडी-मराठीत म्हणत राहिली. डॉक्टरांकडे ताप भरला ४०.१. कुत्र्याचा नेहमीचा ३८.३ ते ३९.२ असतो. वेळेवर आणलंत, म्हणाले. त्या दिवशी मी खूप रडले.

बांधणीवाल्याने "बॅटरीवर एसी रात्रभर चालतो" असं सांगितलं होतं. गणित आम्हीच करायला हवं होतं: २०० अॅम्पिअर-तास, १२ व्होल्ट, म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एसी तासाला एक युनिटहून जास्त खातो. दोन तासांत खेळ खलास. छताचं पॅनेल उघडलं तर वर नुसता पत्रा आणि वायरी. उष्णता अडवणारा थर फक्त बाजूंना होता. आईचं घर माळवदाचं आहे. वर हातभर माती, म्हणून आत गारवा. तेच डोक्यात ठेवून छतात एक इंचाचा फोम भरून घेतला, वरून पांढरा रंग दिला आणि छतात पंखा बसवला. मेमध्ये बाहेर ४३ असताना आत ४४ राहिलं. तरीही हरण्याला त्यात एकटं ठेवत नाही. दुपारी तो माळवदाखाली असतो. संध्याकाळी घरून वायर ओढून गाडीचा एसी चालवला, तरच आत.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मात्र या गाडीने आमची लाज राखली. होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री हरण्या दरवर्षी न्हाणीत जाऊन थरथरतो. या जानेवारीत पोरांना आजीबरोबर पाठवलं आणि आम्ही दोघं त्याला घेऊन तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याकडे गेलो, ओळखीच्यांच्या शेतात गाडी लावली. लांबून आभाळ उजळलेलं दिसायचं, आवाज मात्र पुसट. भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झाली, हरण्याने दहीभात चाटून संपवला. मग तो चादरीवर चारी पाय ताणून जो झोपला, तो पहाटे शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज आल्यावरच उठला.

पावसाळा अजून बघायचा आहे. खिडक्यांची रबरं बदलायला टाकली आहेत. आषाढीच्या आधी, वारीची गर्दी रस्त्यावर यायच्या आत, आईला पुण्याला आणायचं ठरलंय. ती म्हणते, "मी पुढं नाही बसणार, हरण्यापाशी बसते."