मेक्सिकन सॅलडसाठी ज्वारी की किनवा?

राजमा, मक्याचे दाणे, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर, वर लिंबू, जिरेपूड आणि लाल तिखट. एवढा मेक्सिकन थाट दोन्हींत सारखाच. प्रश्न फक्त धान्याचा.

किनवाची जमेची बाजू म्हणजे वेळ. चोळून धुवायचा (वरचा कडवटपणा जायलाच हवा), दुप्पट पाणी, पंधरा मिनिटं. भिजवणं विसरलात तरी रात्रीचं जेवण अडत नाही. प्रथिनंही थोडी जास्त. पण तो मुळात मेक्सिकोचा नाहीच, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. शिवाय लिंबू लावून ठेवला की दुसऱ्या दिवशी मऊ पडतो.

ज्वारीला तयारी लागते. अख्खे दाणे रात्रभर भिजवा, तिप्पट पाणी नि मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग वीस मिनिटं मंद आच. पाणी निथळून दाणे ताटात पसरा, गरम असतानाच लिंबू पिळा. आंबटपणा आत मुरतो. हे रविवारी एकदा केलं की फ्रिजमध्ये तीन दिवस दाणा टच्च राहतो, चावायला मजा येते. रोज संध्याकाळी फक्त भाज्या चिरायच्या.

सोलापुरात राहून मी तरी ज्वारीच घेईन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी ही ज्वारीची जात कुठल्याही किराणा दुकानात मिळते, आणि किनवापेक्षा कितीतरी स्वस्त. वरून भाजलेले शेंगदाणे भरडून घाला. शेंगाचटणी मात्र नको, तिचा लसूण लिंबाला दाबून टाकतो.